मिनिटानंतरचं

‘हा प्रोग्राम काढून टाकायचा?’ असं संगणकाने दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा लेकीने माउसवरचं बोट उचललं आणि खुर्ची मागे सरकवली.

“बाबा, जरा इकडे या. आई, तूपण.”

आई उठली नाही. खिडकीखालच्या पायमशीनवर ती एका झग्याची लांबलचक शिवण मारत होती. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला मशीन एकदा कुरकुरत होतं, जिना चढताना म्हातारं माणूस प्रत्येक पायरीला ‘आई गं’ म्हणतं तसं.

“बोल तू. कान इकडेच आहे,” ती म्हणाली.

बाबा आले. चष्मा कपाळावर, हातात पेपर, अंगठा शब्दकोड्याच्या चौकटीवर रोवलेला.

“हे मशीन किती ओरडतंय,” लेक म्हणाली. “तेल नाही का घालत कुणी?”

“त्यांना विचार,” आई शिवणीवरची नजर न काढता म्हणाली. “आठ महिने झाले सांगतेय. तीस वर्षं गावभरच्या लिफ्टींना वंगण घातलं, घरच्या मशीनला थेंब मिळत नाही.”

बाबांनी ऐकलं न ऐकलं केलं. “काय दाखवायचंय?” त्यांनी लेकीला विचारलं.

“सकाळपासून सतरा गोष्टी काढून टाकल्या. त्या वेळी तुम्हाला विचारलं नाही. फॅक्स पाठवायचा एक प्रोग्राम होता, त्याने जन्मात एक फॅक्स पाठवला नव्हता. पण हा विचारल्याशिवाय काढवत नाही.”

पडद्यावर एक लहानशी चौकट उघडी होती. राखाडी काठ, मधे काळी पट्टी, आणि त्या पट्टीत आडवी निजलेली एक हिरवी रेघ.

मशीन थांबलं.

“मिनिटवाला?” आईने विचारलं.

“मिनिटवाला.”

हा संगणक पहिल्यांदा घरात आला तेव्हा लेक सातवीत होती. नव्या घरात शिरलं की भिंतींत आधीच्या माणसांचे खिळे सापडतात, तसे त्यात काय काय प्रोग्राम आधीपासून येऊन बसले होते. त्यातला हा एक आवाज टिपणारा. त्याला एकच खोड होती. साठ सेकंद झाले, की तो आपणहून थांबायचा. टक् असा आवाज व्हायचा आणि हिरवी रेघ आडवी पडायची. बोलणाऱ्याचं वाक्य कुठवर आलंय याच्याशी त्याला कर्तव्य नसे. पुढे संगणकाचा डबा दोनदा बदलला, पण आतलं सगळं विरजणासारखं जुन्यातून नव्यात येत राहिलं आणि त्याबरोबर हाही.

सातवीच्या त्या वर्षी आई-बाबांनी अकरा दिवस अबोला धरला होता. कशावरून, ते आज तिघांपैकी कुणालाच आठवत नाही. ‘तुझ्या बाबांना सांग, पाणी तापलंय.’ ‘तुझ्या आईला सांग, मला वाफ दिसतेय.’ पाच फुटांवरून असे निरोप जायचे आणि मधे ही. बाराव्या दिवशी तिने दप्तर खाली आपटलं. “मी काय टपालखातं आहे?” म्हणाली. मग तिनेच माइक टेबलावर ठेवून नियम घालून दिले. ज्याला बोलायचं असेल त्याने दुसरं घरात नसताना या यंत्राशी बोलायचं. एकच मिनिट. दुसऱ्याने ते एकट्याने ऐकायचं. आणि त्याच दिवशी उलट बोलायचं नाही.

त्याला बावीस वर्षं झाली. आजोबांना घरी आणायचं का, लेकीला लांब शिकायला पाठवायचं का, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही. साधं बोलणं तोंडाने व्हायचं आणि अवघड बोलणं मिनिटाने.

दोघांची तऱ्हा वेगळी. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. त्यांचं बोलणं दोन मजल्यांच्या मधलं, तेवढ्यात काय होईल तेवढंच. ते पस्तीस सेकंद बोलायचे. उरलेल्या पंचवीस सेकंदांत त्यांचा श्वास आणि भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. बंद करायचं बटण त्यांनी एकदाही दाबलं नाही. दार आपोआप लागतं, तर हात कशाला लावायचा, हा त्यांचा हिशोब. आईचं उलट. ती बोलत बोलत ‘आणि मुख्य म्हणजे—’ पर्यंत यायची आणि टक्. बाबा म्हणायचे, बावीस वर्षं संसार ऐकतोय, मुख्य म्हणजे काय ते कळलेलं नाही.

“ठेवता नाही येणार का?” बाबांनी आता विचारलं.

“नाही ना. नव्या सिस्टिममध्ये हा चालतच नाही. ज्यांनी बनवला त्यांनीच वाऱ्यावर सोडलाय त्याला. आणि जुनंच ठेवलं, तर तुमची पेन्शनची साइट उघडणार नाही, आईची डॉक्टरची वेळ मिळणार नाही.”

“आणि आजवर बोललेलं?”

“ते वेगळं काढून ठेवलंय. एकशे चौदा मिनिटं. सगळी आहेत. फक्त टिपणारा जातोय.”

बाबा वाकले. चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी ती रेघ पाहिली.

“रेघ चांगली होती,” ते म्हणाले.

“नव्यात गोल लाल बटण आहे. दाबलं की सुरू. आणि नीट ऐका, बाबा, हा मिनिटाने थांबत नाही. तासभर बोला.”

“तासभर बोलायला मी पुढारी आहे का?”

“थांबवायला परत तेच बटण दाबायचं. आपलं आपण. लक्षात राहील?”

“अगं, आयुष्यभर बटणंच दाबत आलो.”

तिने ते तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होती तेव्हा बाबा आडव्या सातव्या शब्दाकडे परत गेले होते.

“काढ,” आई म्हणाली.

लेकीने कळ दाबली. दोन सेकंदांत चौकट नाहीशी झाली. जाताना त्याने टक् एवढंही केलं नाही.

*

फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली एक पत्र होतं. नऊ दिवसांपासून होतं. चौदा तासांच्या प्रवासावरच्या एका गावातल्या शिवणशाळेला कटिंग शिकवायला बाई हव्या होत्या. दहा महिने, बावीस मुली, राहायला शाळेच्या आवारातच खोली. उत्तर सोमवारपर्यंत.

आई एकसष्ट वर्षांची होती. चाळीस वर्षं तिने याच खिडकीत बसून आसपासची माणसं शिवून काढली होती. गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणायची, कारण माप घेताना ती गिऱ्हाइकांना ‘ताठ उभी राहा, पोट आत ओढू नकोस, मला खोटं माप नको’ असं दटावायची. पण फळ्यासमोर ती कधी उभी राहिली नव्हती. पत्र आलं त्या दिवशी तिने ते तीनदा वाचलं आणि संध्याकाळी खडू कसा धरतात तसा शिंपीखडू हातात धरून भिंतीसमोर उभी राहिली, हे कुणाला माहीत नव्हतं. शाळेला तिने फोनवर एवढंच विचारलं होतं, माझं मशीन आणलं तर चालेल ना? स्टँड तिकडचा वापरेन, डोकं माझं हवं. दुसऱ्याच्या मशीनवर मला कापडाचं मन कळत नाही.

तिकडून होकार आला होता. राहिला होता तो घरातला.

आपलं मिनिट ती नऊ दिवसांपूर्वीच बोलली होती, जुन्या मिनिटवाल्यापाशी. ते बाबांनी ऐकलं. त्यावरचं त्यांचं मिनिट अजून आलं नव्हतं. उत्तर किती दिवसांत द्यायचं, हा नियम करायला सातवीतल्या पोरीला सुचलं नव्हतं. बाबा रोज फ्रीज उघडत होते, बंद करत होते, दारावरचं विजेचं बिल वाचत होते, गॅसवाल्याचा नंबर वाचत होते. पत्राशेजारून त्यांची नजर अंग चोरून जात होती.

दुपारी मायलेकी डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाल्या. निघता निघता आईने लेकीला थांबवलं.

“हात वर कर. ही बाही तुला काखेत ओढतेय. येईपर्यंत मला चैन पडणार नाही.”

तिने मशीनजवळच्या खिळ्यावरचा टेप काढला, दंडाभोवती फिरवला आणि मनाशी काहीतरी पुटपुटली.

“हा टेप टाक की आता,” लेक म्हणाली. “टोकच नाहीये त्याला. मी नवा आणते.”

“काय झालंय त्याला? पहिला इंच तुटलाय एवढंच. येईल त्यातून एक वजा करायचा. हाताला सवय आहे.”

टेप खिळ्यावर परत गेला. दारात चपला घालताना आई आतल्या दिशेने बोलली.

“अहो, दोन तास लागतील आम्हाला.”

“हूं.”

“तुमचं मिनिट राहिलंय. परवा सोमवार.”

“माहीत आहे.”

“नुसतं माहीत असून—”

“अगं, जा. नंबर जाईल.”

दवाखान्यात डॉक्टरांनी आईच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि अर्धा तास मिटून बसायला सांगितलं. ती मिटून बसली. मिटल्या डोळ्यांच्या माणसाला विचारणं सोपं असतं, म्हणून लेकीने विचारलं.

“तुझ्या मिनिटात काय बोललीस?”

“म्हटलं, मला जायचंय. म्हटलं, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेतली, आता हातातलं कुणाला तरी द्यावंसं वाटतं. म्हटलं, तुमच्या जेवणाखाण्याची व्यवस्था लावून जाईन. आणि मुख्य म्हणजे माझी एक अट आहे, म्हटलं, ती म्हणजे—”

“टक्.”

“टक्.”

दोघी इतक्या हसल्या, की पलीकडच्या बाकावरच्या गृहस्थांनीही मिटलेला एक डोळा उघडला.

“काय अट होती?”

आईने पदराने गालावर ओघळलेला थेंब टिपला.

“मला परवानगी नकोय गं. पाठवणी हवी. तोंड फिरवून ‘जा’ म्हणालेल्या घरातून मला नाही जाता येणार. तिथे बावीस पोरींसमोर उभी राहीन आणि मन मात्र इकडेच असेल.”

“मग हे सांग ना त्यांना. परत बोल.”

“सांगून केलेल्या पाठवणीला काय अर्थ आहे,” आई म्हणाली.

*

परत आल्या तेव्हा घराला कुलूप होतं. टेबलावर पेपर, त्याच्यावर चष्म्याचं घर. बाबांनी कोडं अर्धंच सोडवून ठेवलं होतं, असं ते सहसा करत नसत. संगणकाचा पडदा काळा होता.

आईचे डोळे अजून नीट लागत नव्हते. खिडकीतला उजेड तिला टोचत होता, आणि जवळचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं.

“झालंय का बघ,” ती म्हणाली. “मला अक्षर दिसत नाही.”

लेकीने माउस हलवला. पडदा उजळला आणि तिने कपाळाला हात लावला.

“आई, अजून चालूच आहे.”

लाल गोल जळत होता. खाली आकडे पळत होते, एक तास एकतीस मिनिटं, आणि पुढे. मिनिट झालं, टक् होणार, या भरवशावर बाबा उठून गेले होते. लेकीने बटण दाबून ते थांबवलं.

“नियम एकटीने ऐकायचा आहे,” ती म्हणाली. “मी सुरू करून देते आणि आत जाते.”

“बस इथेच. नियम माझे डोळे चांगले असतानाचा आहे.”

लेकीने सुरू केलं. आईने डोळे मिटून घेतले. खाकरण्याचा आवाज आला, मग खुर्ची, मग बाबा.

‘हां. तर. तुझं ऐकलं मी. तू जा. माझी हरकत नाही. माझं काय, खानावळ आहे, लाँड्री आहे. बिलांची तेवढी यादी करून ठेव. तू ठरवलेलंच आहेस, तर मी काय बोलणार. एवढंच.’

मग श्वास. मग घड्याळ.

आई हात मांडीवर एकात एक घालून बसली. मिटल्या पापण्यांतून थेंबांचं औषध येत होतं, निदान लेकीने तसं धरलं.

“हरकत नाही,” आई शेवटी म्हणाली. “लिफ्ट तपासून दाखला देतात ना, तसा दिला मला. हरकत नाही, खाली सही.”

“आई, त्यांना बोलता येत नाही, तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. म्हणून तर इतकी वर्षं मिनिटभरात मावले.” तिने नाक ओढलं. “शाळेला कळवून टाक. म्हणावं, तब्येतीमुळे जमत नाही.”

“सोमवारपर्यंत वेळ आहे.”

“कळवून टाक म्हटलं ना. आणि बंद कर ते.”

लेकीचा हात माउसकडे गेला. पण हा नवा प्रोग्राम टिपलेला सगळा आवाज एका लांब पट्टीवर रेघांनी काढून दाखवत होता, आणि पट्टी बराच वेळ सपाट जाऊन पुढे एकदम दाट झाली होती.

“पुढे काहीतरी आहे,” ती म्हणाली.

“असू दे. मिनिट संपलं. पुढचं त्यांनी मला बोललेलं नाही.”

“ऐकायचं नाही?”

“दुसऱ्याच्या खिशात हात घालण्यासारखं आहे ते. बंद कर.”

नवीन खिडकीत थांबवायचं चिन्ह नेमकं कुठे आहे हे शोधण्यात लेकीचे काही क्षण गेले. तिने ते खरंच शोधलं का, हे आईला दिसणं शक्य नव्हतं. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ‘झालं,’ असं बाबा लांबून म्हणाले. पावलं. नळ. भांड्याचा आवाज. आणि मग, थेट कानाशी यावी तशी, कुरकुर.

आईची पाठ ताठ झाली.

“माझ्या मशीनला हात कुणी लावला?”

“बाबांनी. दुसरं कोण होतं घरात?”

“चाळीस वर्षांत कधी त्यांनी—” ती पुढे सरकली. कान पडद्याकडे, डोळे मिटलेले. “पायडल मारतायत. उलटं गेलं. आता सुलटं. खाली कापड नाही घातलेलं, दाते नुसते सुईजवळच्या लोखंडी पायाला घासतायत. अहो, पाय वर घ्या तो! वर घ्या!”

ती संगणकावर ओरडली आणि तिकडे मशीन थांबलं. ओरडणं पोचलं असावं असं थांबलं. लेकीने तोंडावर हात धरला.

खुट् झालं. पाय वर घेतला होता.

मग एक बारीक आवाज आला, टिच्, टिच्. पत्र्याचं बूड दाबल्याचा.

“तेलाची कुपी,” आई हळू म्हणाली.

पुन्हा पायडल. कुर्र. ‘इथे आहेस होय तू,’ बाबा कुणाला तरी म्हणाले. टिच्. कुर्र, पण आता लहान. ‘अजून एक जागा.’ टिच्, टिच्. मग चाक फिरत राहिलं आणि त्यातून कुरकुर गळत गळत गेली. उरली ती फक्त घरघर, पोट भरलेल्या मांजराची.

ती थांबली, आणि बाबा बोलू लागले. हा आवाज मिनिटातला नव्हता. लेकीने तो एकदाच ऐकला होता, लहानपणी, बाबांबरोबर कामावर गेली होती तेव्हा. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली होती, आत एक बाई रडत होत्या, आणि दाराच्या फटीपाशी वाकून बाबा त्यांच्याशी बोलत होते, घाई नसल्यासारखे, शेजारी बसल्यासारखे.

‘हे बघ. तिकडे आवाज करायचा नाही. बावीस पोरी असतील समोर. पहिल्याच दिवशी बाईंचं मशीन ओरडलं, तर हसतील. पोरीच त्या.’

घड्याळ ऐकू येत होतं.

‘इथे ओरडलंस ते चाललं. मला बरं वाटायचं. त्या खोलीत बसलो, की कळायचं, आहे घरात. म्हणून तर तेल टाळत होतो.’ फडक्याने काहीतरी पुसल्याचा आवाज. ‘हे तिला सांगू नकोस. आठ महिने शिव्या खाल्ल्यात त्यापायी.’

आईने डोळे उघडले, आणि तिला काहीच दिसत नव्हतं तरी खिडकीकडे बघितलं.

मग काहीतरी खिळ्यावरून निघालं, सरकलं. बाबा आकडे बोलत होते, स्वतःशी. ‘लांबी... साडेसतरा. उंची बारा. रुंदी... आठ धरू.’ आणि लगेच मोठ्याने, फोनवर बोलतात तसं: ‘सुतारभाऊ, लिहून घ्या. साडेसतरा, बारा, आठ. झाकण वरून. आतून जाड कापड लावा. नाही, नाही, चालेलसं नको, चांगलं लाकूड पाहिजे, मशीनचं डोकं जायचंय त्यातून. हो, बायको. शिकवायला चाललीय.’ पलीकडचं माणूस काहीतरी बोललं असावं. बाबा हसले. ‘मास्तरीणबाई आधी नुसतं म्हणायला होती हो. आता खरीखुरी होणार. मी येतोच तिकडे. समोर उभा राहून करून घेतो.’

दार लागलं. मग रिकामं घर, घड्याळ, लांबून एखादी गाडी. लेकीने थांबवलं.

आईची बोटं मांडीवर हलत होती, कसलासा हिशोब केल्यासारखी.

“हे कापता येतं?” तिने विचारलं.

“येतं. आधीचं एक मिनिट ठेवायचं आणि मागचं काढून टाकायचं? बाबांना कळणारही नाही.”

“तसं नाही. पहिलं मिनिट तेवढं काढ. मागचं राहू दे.”

लेकीने तिच्याकडे पाहिलं. मग पट्टीच्या सुरुवातीला एक खूण केली, एक मिनिटापाशी दुसरी.

‘हा भाग काढून टाकायचा?’ संगणकाने विचारलं.

“विचारतोय,” लेक म्हणाली.

“त्याला म्हणावं, कापताना दोनदा विचारू नये. कापड बिचकतं. दाब.”

*

बाबा आले तेव्हा सहा वाजत होते. शर्टाच्या बाहीला लाकडाचा भुसा लागला होता, आणि तो झटकायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. आई मशीनवर बसली होती. सुईत दोरा ओवायला तिला लेकीची मदत घ्यावी लागली होती, आणि एका चिंधीवर ती सरळ शिवण मारत होती, नुसतीच, पुढे आणि मागे.

बाबांनी चष्मा काढून पुसला.

“डोळे काय म्हणतायत?”

“उद्यापर्यंत उतरेल म्हणाले.”

“ते झालं बरं का,” बाबा संगणकाकडे न बघता म्हणाले. “माझं मिनिट.”

“ऐकलं.”

त्याच दिवशी उलट बोलायचं नाही, हा नियम होता. बाबा त्या नियमाच्या आडोशाने आपल्या खोलीकडे निघाले.

“आज कुरकुरत नाही हे,” आई म्हणाली.

बाबा थांबले. “हवा बदलली असेल.”

“असेल.” चिंधी संपली. तिने ती फिरवून पुन्हा सुईखाली घेतली. “अहो, सुतारांना फोन लावा.”

“कुठल्या सुतारांना?”

“साडेसतरा नाही, साडेसोळा. बारा नाही, अकरा. आठ नाही, सात. एवढं ढिलं खोकं केलंत, तर माझं मशीन चौदा तास आत नाचत जाईल.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग संगणकाकडे. मग लेकीकडे.

“थांबत नाही का ते?”

“तीनदा सांगितलं होतं, बाबा.”

बाबांचे कान लाल झाले. सत्तरीला टेकलेल्या माणसाचे कानही लाल होतात, हे लेकीने पहिल्यांदा पाहिलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण मजला निघून गेला असावा. ते खिळ्यापाशी गेले, टेप उतरवला, दोन हातांत ताणला आणि त्याचं तुटकं टोक खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिले. एकापासून सुरू होत होता.

मग त्यांनी फोन लावला.

“सुतारभाऊ, मी निघाल्यावर फळ्या कापल्यात का? नाही ना? एकेक इंच कमी करा. तिन्ही मापांत. हो, चूक माझी. नाही हो, टेप बरोबर आहे. त्याचा पहिला इंच तेवढा धरायचा नसतो.”

त्यांनी फोन ठेवला. टेप खिळ्यावर अडकवला, घसरला, पुन्हा अडकवला. पेपर उचलला. पण खोलीत गेले नाहीत. आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलून त्यांनी ती खिडकीशी आणली आणि तिथे बसून अर्धवट कोडं मांडीवर पसरलं. मशीन आता इतकं मऊ चालत होतं, की ऐकू यायला जवळ बसावं लागत होतं.